खिडकीला ठोकलेला फळा

आमच्या आरोग्य कार्यालयाच्या ओट्यावर एक काळा फळा होता आणि दर सोमवारी सकाळी त्याच्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी तिथे क्लार्क होते. भाईंदर पश्चिमेला, बाजारामागच्या गल्लीत आमचं कार्यालय. पुढे दवाखाना, मागे दोन खोल्यांत आम्ही आणि आमची कपाटं. मागच्या आठवड्यात कुठल्या गावातून तापाचे किती पेशंट आले, जुलाबाचे किती, काविळीचे किती, एवढंच त्या फळ्यावर असायचं. डावीकडे गावांची नावं पांढऱ्या ऑइलपेंटने कायमची रंगवलेली होती. त्यांच्यापुढे मी खडूने आकडे घालायची.

ही पद्धत माझ्या आधीच्या कुणा डॉक्टरांनी सुरू केली होती. का, ते कोणालाच सांगता यायचं नाही. सरकारी कार्यालयात चांगली गोष्ट टिकते ती बहुतेक अशीच, कोणी बंद करायला विसरलं म्हणून. माझं अक्षर बरं होतं. ‘अक्षर मोत्यासारखं आणि जीभ मिरचीसारखी,’ असं आमच्या घरातून म्हटलं जायचं. आम्ही गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आलो होतो. ‘पार्क’ ऐकून माझ्या माहेरच्यांना वाटलं की बागबिग असेल. प्रत्यक्षात चिखल होता, अर्धवट इमारती होत्या आणि पाण्याच्या टँकरची वाट बघत उभ्या असलेल्या आम्ही बायका होतो. टँकरवाल्याशी हिंदीत भांडून आले की ऑफिसात मराठीत भांडायला मला फार तयारी लागायची नाही.

फळा वाचायला माणसं यायची. दवाखान्यात औषध घ्यायला आलेली, बाजारातून जाणारी, कधी नुसतीच टेकायला आलेली. त्यांतली एक मला चांगली आठवते. उत्तनजवळच्या पाली गावची, मासळी विकणारी मावशी. दर सोमवारी बाजारात बसायच्या आधी ती डोक्यावरची पाटी ओट्याच्या कडेला टेकवायची. तिला वाचता यायचं नाही, म्हणून खिडकीतून मला हाक मारायची.

“बाय, आमच्या पालीचा काय लिवलाय?”

मी सांगायची. “ताप तीन, जुलाब दोन. कावीळ नाही.”

“बरा हाय मंग,” असं म्हणून ती पाटी उचलायची. तेवढं तिने ऐकलं की संध्याकाळपर्यंत पालीतल्या घराघरांत ते पोहोचायचं. पाणी उकळायचं की नाही, पोरांना विहिरीवर पाठवायचं की नाही, हे तिथल्या बायका त्याच्यावरून ठरवायच्या.

एकदा माझ्या हातून चूक झाली. मोरव्याचे जुलाब मी पालीच्या ओळीत लिहिले. दुपारी जेवणाचा डबा उघडते न उघडते तोच मावशी आणि तिच्याबरोबर पालीची आणखी माणसं खिडकीत हजर. “आमच्यान कुनाला जुलाब झालाय? नाव सांग!” मी कागद काढले, बघितले, जीभ चावली आणि ओल्या फडक्याने आकडा पुसला. मागोमाग मोरव्याचा एक गृहस्थ येऊन म्हणाला, “आता आमच्यावर ढकललं का?” मला तेव्हा राग आला होता. डबा गार झाला. पण चूक सकाळी झाली आणि दुपारीच दुरुस्त झाली. माझ्या सगळ्या नोकरीत कुठलीही चूक इतक्या लवकर दुरुस्त झालेली मी पुन्हा पाहिली नाही.

नव्वदीच्या मध्याला आमच्याकडे कॉम्प्युटर आला.

तो आला तेव्हाचा थाट काय सांगावा! दोन खोल्यांतली चांगली खोली त्याला दिली. आम्ही सगळे दुसऱ्या खोलीत एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसलो. त्याला एसी बसवला. दवाखान्यात लशी ठेवायचा फ्रिज धड चालत नव्हता, पण कॉम्प्युटरला उकडू नये याची काळजी वरच्या कार्यालयाने आठवणीने घेतली. नारळ फोडला, पडद्यावर हळदकुंकू लावलं, तेही काचेवरच, आणि ते पुसताना शिपायाला घाम फुटला. दाराबाहेर चपला काढायच्या. आत धूळ जाता कामा नये. मला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आल्यावर त्या गाभाऱ्याची पुजारीण केलं.

खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. बेरीज चुकत नव्हती. प्रिंटर कर्र कर्र करत लांबलचक कागद ओकायचा आणि त्याच्यावर सगळे आकडे रांगेत उभे असायचे. कोणी आजही म्हटलं की कॉम्प्युटरमुळे वाटोळं झालं, तर मी त्यांच्याशी भांडते. वाटोळं करायला माणसं पुरतात.

खोलीला एक खिडकी होती, गल्लीकडची. तिचं तावदान फुटलेलं होतं. त्यातून धूळ यायची. काच बसवायची तर मंजुरी लागणार होती, मंजुरीला महिने लागणार होते. तेव्हा आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, “तो बाहेरचा फळा आहे ना, तो मापात बसेल.”

“साहेब, मग सोमवारी लिहायचं कशावर?”

“आता कशाला लिहायचं, बाई? सगळं कॉम्प्युटरमध्ये जातंय. वरून प्रिंटआउट येईल त्याप्रमाणे काम होईल. आणि खरं सांगू? आकडे असे रस्त्यावर मांडू नयेत. लोक घाबरतात, पेपरवाले येतात, वरून विचारणा होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. पेशंटला हात लावून तपासायचे, कोणावर ओरडायचे नाहीत. फक्त ‘वरून विचारणा’ हे दोन शब्द ऐकले की ते हातातलं काम टाकून आधी फायली शोधायला लागायचे. फळा खिडकीला ठोकला गेला, गावांची नावं आतल्या बाजूला. खोलीत अंधार झाला, म्हणून दिवसाही ट्यूबलाइट लावायला लागली. मी टाइप करताना मान वर केली की समोर फळ्यावर रंगवलेली गावं दिसायची, पुढे आकडा नसलेली.

त्यामुळेच पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. प्रोग्राममध्ये गाव टाइप करता येत नव्हतं, तयार यादीतून निवडायचं होतं. मी फळ्याकडे बघत एकेक गाव निवडत गेले आणि पालीपाशी अडले. यादीत पाली नव्हती. उत्तन होतं, मोरवा होता, पाली नाही. दोनदा वरखाली केलं. यादीच्या अगदी तळाला एक शब्द होता: ‘इतर’.

मी वरच्या कार्यालयात फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, यादी आम्ही केली नाही, प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने केली. कंपनीला फोन लावला. तिथला माणूस फार गोड बोलला, “मॅडम, लिस्ट तो आपकेही हेड ऑफिसने दी थी. हमने तो सिर्फ डाला है.” पुन्हा वर फोन. वरचे म्हणाले, लेखी कळवा. डॉक्टरसाहेबांनी लेखी कळवलं. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे, पुढच्या आवृत्तीत विचार होईल, तोपर्यंत ‘इतर’मध्ये भरावे. तिघांनी मिळून एका गावाची अशी टोलवाटोलवी केली आणि गाव ‘इतर’मध्ये जाऊन पडलं. साहेबांना वाटलं, आपण पत्र लिहिलं, आपलं काम झालं. त्यांच्या डोक्यातून तो विषय गेला.

आता ‘इतर’चं काय व्हायचं, ते सांगते. वरून जो प्रिंटआउट परत यायचा त्यात गावाचं नाव आणि आकडा असायचा, आणि तो बघून विहिरीत औषध टाकायची गाडी कुठे पाठवायची ते ठरायचं. ‘इतर’ नावाच्या गावाला गाडी कशी जाणार? आणि एकही गाव सुटलं असं दिसायला नको म्हणून असेल, त्या प्रिंटआउटच्या शेवटी आमच्या हद्दीतली सगळी गावं पुन्हा एकदा छापलेली असायची, जुन्या सरकारी यादीवरून. तिथे पाली होती. आकडा नसला की कॉम्प्युटर तिथे शून्य छापायचा. म्हणजे भरायला गेलं तर पाली नाही, आणि वाचायला गेलं तर पाली आहे, ठणठणीत आहे.

हे शेवटचं पान माझ्यापर्यंत यायचंच नाही. मी आकडे आत घालायची, बाहेर आलेलं साहेबांच्या टेबलावर जायचं. ते कुलूपबंद फायलीत. दोघांनी मिळून एकदा तरी दोन्ही कागद शेजारी ठेवले असते तर! पण तशी पद्धतच नव्हती.

गणपतीनंतरची गोष्ट. पावसाळा ओसरत होता. मावशीची सून पोटुशी होती, पहिलटकरीण. मावशीने मला ती बातमी पाटी टेकवायच्याही आधी सांगितली होती. सुनेचं माहेर वसईच्या बाजूला. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि बाळंतपणाला माहेरी पाठवायची, ही त्यांची रीत. पण शेजारच्या घरात कुणाचे तरी डोळे पिवळे झाले होते आणि मावशीला धाकधूक होती. पाणी बिघडलं असेल तर सुनेला आत्ताच पाठवावी. नसेल तर उगाच पाचव्या महिन्यात पाठवून व्याह्यांच्या जिवाला घोर कशाला? एवढंच तिला ठरवायचं होतं.

पूर्वी ती ओट्यावर आली असती आणि मला हाक मारली असती. आता ओट्यावर फळा नव्हता, आणि मी बंद दाराच्या आत, एसीच्या घरघरीत. शिपायाने तिला सांगितलं, माहिती साहेबच देणार. ती साहेबांकडे गेली. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, फाइल काढली, शेवटचं पान उघडलं, पालीसमोर बोट ठेवलं आणि म्हणाले, “काही नाही मावशी, कावीळ शून्य आहे. निर्धास्त राहा.”

मावशी निर्धास्त राहिली. सून पालीतच राहिली, त्याच विहिरीचं पाणी पीत. हे सगळं मला नंतर कळलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी ‘इतर’मध्ये काविळीचे आकडे भरत होते, आणि ते वाढत होते. मी साहेबांना दोनदा बोलले. ते म्हणाले, “बाई, प्रिंटआउटमध्ये तर काही दिसत नाही. मी वर कळवतो.” तिसऱ्यांदा बोलायची वेळ आली नाही. एका सकाळी बाहेर आरडाओरडा ऐकून मी दार उघडलं. मावशी साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. पाटी तिने ओट्यावर ठेवली नव्हती, थेट आत आणून जमिनीवर आपटली होती. बोंबलाचं पाणी फरशीवरून वाहत कॉम्प्युटरच्या दाराकडे निघालं होतं आणि ते पुसायची कोणाची हिंमत नव्हती.

“माझ्या सुनंचं डोले पिवले झालेत,” ती म्हणाली. “आठ दिस झाले, पोटात अन्न ठरत न्हाय. तुमी बोल्ला व्हता शून्य. पालीन घरटी एक मानूस निजलाय. शून्य कोन बोल्ला?”

 गरोदर बाईला कावीळ म्हणजे काय, हे त्या खोलीत साहेबांइतकं कोणालाच कळत नव्हतं. त्यांनी फाइल उघडली, पान तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“मावशी, हे मी नाही... कॉम्प्युटरमध्ये तसं आलंय.”

“त्याला बोलव भायेर,” मावशी म्हणाली. “मना त्याचा तोंड बगू दे.”

कोणी हसलं नाही. ती चेष्टा करत नव्हती. तिला वाटलं, बंद दाराआड चपला काढून ज्याच्यापुढे जातात तो कोणीतरी मोठा साहेबच असणार, आणि जो शून्य बोलला त्याने बाहेर येऊन तिच्या तोंडावर एकदा बोलावं, एवढीच तिची मागणी होती. मी दारात उभी होते. बाहेर काढायला माझ्याकडे कोणी नव्हतं.

मी साहेबांच्या हातातलं पान घेतलं. पालीपुढचं शून्य मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं. “साहेब, पाली भरायची जागाच नाही त्यात. सगळी ‘इतर’मध्ये आहे. तुम्हीच पत्र लिहिलंत ना! हे शून्य म्हणजे कावीळ नाही असं नाही. हे शून्य म्हणजे आम्ही विचारलंच नाही!” मी ओरडतच होते. साहेबांवर मी एरवी कधी आवाज चढवला नव्हता.

 साहेबांनी जीपची किल्ली घेतली, ड्रायव्हरला हाक मारली, मावशीला पुढच्या सीटवर बसवलं आणि पालीला गेले. त्याच जीपमधून सुनेला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. औषधाची गाडी त्याच दिवशी पालीच्या विहिरींवर गेली, कुठल्याही प्रिंटआउटशिवाय.

सून वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता म्हणतात. मावशीने ते मला कधी स्वतःहून सांगितलं नाही, बाजारातल्या दुसऱ्या एकीकडून कळलं. त्या रात्री माझा स्वयंपाक करपला आणि घरातल्यांनी तो तसाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून खिडकीचा फळा काढायला लागले. खिळे गंजलेले होते, निघत नव्हते. साहेब दारात आले. मला वाटलं, अडवणार. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, की कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, साहेब. पण त्यांनी चपला न काढता आत येऊन शिपायाकडून पक्कड मागवली आणि स्वतः खिळे उपटले. फळा निघाला तसं ऊन आत आलं, धूळही आली. कॉम्प्युटरला काही झालं नाही.

त्या सोमवारी फळा ओट्यावर जागच्या जागी लावून मी पालीपुढे खरे आकडे लिहिले. सगळ्यात खाली माझी सही केली. पूर्वी करत नव्हते. साहेब बाहेर आले, त्यांनी वाचलं, खडू मागितला आणि माझ्या सहीशेजारी त्यांची केली.  वरून विचारणा आलीच, की गोपनीय माहिती उघड्यावर का लावली. साहेबांनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. पण फळा पुन्हा हलला नाही, आणि काही महिन्यांनी साहेबांची बदली झाली.

वर्षभराने प्रोग्रामची पुढची आवृत्ती आली. पाली यादीत होती. मोरवा गायब होता! मी कपाळाला हात लावला. पण मोरव्याची माणसं त्याच सोमवारी, मी फळ्यावर मुद्दाम ‘यादीत नाव नाही’ असं लिहिल्याबरोबर, खिडकीत आली. त्यांनी माझ्याच टेबलावरून वरच्या कार्यालयात फोन लावून असा गोंधळ घातला की मोरवा पंधरवड्यात सापडला.

मावशी मात्र ओट्यावर यायची थांबली होती. बाजारात बसायची, मी मासळी घ्यायला गेले तर चांगली निवडून द्यायची, पण आकड्यांचा विषय काढायची नाही. मीही काढला नाही. काय तोंडाने काढणार होते?

मग एका सोमवारी खिडकीपाशी पाटी टेकल्याचा आवाज झाला. मी बाहेर बघितलं. मावशी फळ्यासमोर उभी होती. तिची सून तिच्या मागे होती. पुन्हा दिवस गेलेले दिसत होते. मावशीने नेहमीची हाक मारली नाही. बोटाने फळ्यावरची पालीची ओळ दाखवली. इतक्या वर्षांत वाचायला न शिकताही ती ओळ तिला बरोबर ठाऊक होती.

“काविलीचा काय लिवलाय?”

“शून्य,” मी म्हटलं.

ती फळ्याकडेच बघत राहिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “कोन बोलतंय?”

मी खुर्चीवरून उठले, ओट्यावर आले आणि तिच्यासमोर उभी राहिले.

“मी बोलतेय, मावशी. काल मी स्वतः पालीत आले होते. घरोघर जाऊन विचारलंय, तुमच्या दाराला तेवढं कुलूप होतं.”

तिने माझं तोंड नीट न्याहाळून पाहिलं. मग सुनेला म्हणाली, “चल, उन्हाची उभी राहू नको,” आणि पाटी उचलली.